गायरो मागवण्याआधी सळईकडे बघा: यीरोस आणि त्याच्या फास्ट फूड भावंडांची नवख्यांसाठी ओळख

गायरो म्हणजे उभ्या सळईवर फिरवत भाजलेलं मांस तासून पिटा या चपट्या पावासोबत द्यायचा पदार्थ. अथेन्समध्ये गायरो म्हणून जे हातात पडतं आणि शिकागोत त्याच नावाने जे मिळतं, त्यातलं मांस वेगळं असतं, ते सळईवर चढवायची रीत वेगळी असते आणि पुष्कळदा भोवतीचा पिटा ब्रेडही वेगळा असतो. नाव तेवढं एक. परदेशी शिकायला किंवा फिरायला गेलेल्या आपल्या लोकांची गल्लत होते ती इथेच. कुणी मेंढीचं समजून बीफ खातो, कुणी ग्रीसमध्ये चिकन समजून पोर्क. कुणी एखाद्या साखळी हॉटेलातला कोमट गायरो खातो आणि ‘यात काय एवढं’ म्हणून पुन्हा त्या वाटेला जात नाही. हा लेख त्यांच्यासाठी लिहिलाय, आणि ज्यांना पुण्या-मुंबईत घरीच करून बघायचंय त्यांच्यासाठीही.

माझं म्हणणं असं की फास्ट फूडचा गायरो हा मूळ यीरोसमधून निघालेला स्वतंत्र पदार्थ आहे आणि तो त्याच्या गुणांवरच जोखावा. आपल्यासमोर नेमका कुठला पदार्थ आहे, हे सळईकडे नीट बघितलं की अर्ध्या मिनिटात कळतं. काय मागवायचं, काय टाळायचं, घरी कशाची नक्कल करायची, हे सगळं त्यावरून ठरतं.

लेखापुरती एक सोय करून घेऊ. ग्रीसमध्ये मिळतो तो ‘यीरोस’ (मागवताना ‘यीरो’ म्हणतात) आणि अमेरिकेत मिळतो तो ‘गायरो’. अमेरिकेत ‘जायरो’ म्हणा नाहीतर ‘यीरो’ म्हणा, काउंटरवरच्या माणसाला समजतं. उच्चारावरून संकोचू नका.

पहिली पायरी: सळई ओळखा

ग्रीसमधल्या चांगल्या दुकानात उभ्या सळईवर मांसाचे काप एकावर एक रचलेले दिसतात. बहुतेक ठिकाणी ते पोर्क असतं, मानेच्या आणि खांद्याच्या भागाचं, कारण तिथे चरबी आणि मांस मिसळलेलं असतं. काप पातळ करून त्यांना मीठ, मिरी, ओरेगानो, पाप्रिका, लसूण, थोडं व्हिनेगर असं लावून मुरत ठेवतात आणि मग सळईत ओवतात. वरचा भाग रुंद, खालचा निमुळता. सळई सावकाश फिरते, मागच्या जाळ्यांची आच एका बाजूला लागते, वरच्या कापांची चरबी वितळून खालच्यांवर ओघळते. बाहेरून तेल लावावंच लागत नाही.

अशा सळईची कड कधीच गुळगुळीत नसते. कापांच्या कडा बाहेर आलेल्या दिसतात, काही ठिकाणी काळपट करपलेल्या, काही ठिकाणी नुसत्या तांबूस. कापणारा माणूस लांब सुरीने किंवा हातातल्या गोल पात्याच्या यंत्राने वरून खाली तासत येतो आणि खाली धरलेल्या पसरट भांड्यात तुकडे पडतात. ते तुकडे नीट बघा: नखाएवढा एक कुरकुरीत, शेजारी बोटभर लांब एक मऊ, एखाद्याला चरबीची पारदर्शक कड. एकाच घासात हे तिन्ही येतं, आणि खरी मजा त्यातच आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक गायरो दुकानांत सळईवर जे दिसतं ते खाटकाकडच्या तुकड्यांसारखं मुळीच दिसत नाही. गुळगुळीत, तपकिरी, खालपासून वरपर्यंत एकसंध असा तो दंडगोल असतो, कारण तो खिम्याचा असतो. बीफ आणि थोडं मेंढीचं मांस बारीक दळायचं, त्यात कांदा, पावाचा चुरा, ओरेगानो आणि मसाले घालायचे, भरपूर मळायचं, साच्यात दाबायचं आणि गोठवायचं. मीठ घालून मळल्यावर मांसातलं चिकट प्रथिन सुटतं आणि तेच सगळं धरून ठेवतं. शीग कबाबचा खिमा भरपूर मळल्याशिवाय सळईवर टिकत नाही, तेच इथलं शास्त्र. या दंडगोलाचे काप लांब, सारख्या जाडीच्या पट्ट्यांसारखे निघतात. चव ठाशीव, खारट, लसणीची. पोत सॉसेजच्या जवळचा. प्रत्येक घास आधीच्या घासासारखा लागतो.

तिसरा प्रकार म्हणजे दुकानात सळईच नसते. कारखान्यात भाजून, कापून, गोठवलेल्या पट्ट्या येतात आणि दुकानदार त्या तव्यावर गरम करून देतो. मोठ्या साखळी हॉटेलांना आणि लहान पिझ्झा दुकानांना हे सोयीचं पडतं. हे वाईटच असतं असं नाही. पट्ट्या तापलेल्या तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत ठेवल्या तर उत्तम लागतात, नुसत्या वाफवून किंवा मायक्रोवेव्ह करून दिल्या तर रबरासारख्या होतात. म्हणून अशा ठिकाणी ‘जरा कुरकुरीत करा’ असं आवर्जून सांगायचं.

यीरोस आणि गायरो वेगळे झाले कसे

उभ्या सळईवर मांस फिरवत भाजायची रीत ऑटोमन साम्राज्यात एकोणिसाव्या शतकात रुळली. आजच्या तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराचं नाव त्यासाठी नेहमी घेतलं जातं. १९२२-२३ च्या सुमारास आशिया मायनरमधून (तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातून) लाखो ग्रीक निर्वासित होऊन ग्रीसमध्ये आले, त्यांनी ही रीत सोबत आणली. पुढची कित्येक वर्षं ग्रीक लोकही याला ‘दोनेर’च म्हणत. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य उतरवल्यावर तुर्की नाव नकोसं झालं आणि ‘यीरोस’ पक्कं झालं. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारा शोरमा त्याच घराण्यातला, अरब शाखेचा.

अमेरिकेत हा पदार्थ १९६० च्या दशकात शिकागोच्या ग्रीक मंडळींनी रुजवला. पण रोज पहाटे उठून काप रचत बसणं छोट्या हॉटेलवाल्याला परवडत नव्हतं. १९७० च्या दशकात शिकागोत आणि आसपास खिम्याचे तयार, गोठवलेले दंडगोल बनवणारे कारखाने उभे राहिले; क्रोनॉस हे त्यातलं सगळ्यात ठळक नाव. कारखान्याने दंडगोलासोबत तो भाजायची शेगडीही पुरवली की झालं, ज्याला स्वयंपाकातलं फारसं कळत नाही तोही गायरोचं दुकान टाकू शकत होता. पोर्कच्या जागी बीफ आणि लॅम (कोकराचं मांस) आलं. शिकागोचा गायरो जो अमेरिकाभर पसरला तो या कारखान्यांमुळे.

दुसरी पायरी: कशाचं मांस आहे ते स्पष्ट विचारा

आपल्याकडच्या वाचकांसाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. बीफ न खाणारे, पोर्क न खाणारे, हलालच खाणारे आणि अजिबात मांस न खाणारे, असे सगळे आपल्यात आहेत. प्रत्येकाचा धोका वेगवेगळ्या देशात आहे.

ग्रीसमध्ये काही न सांगता ‘यीरो’ मागितला तर पोर्क मिळायची शक्यता सगळ्यात जास्त. पोर्कला ‘खिरिनो’ म्हणतात, चिकनला ‘कोतोपुलो’. चिकन हवं असेल तर ‘कोतोपुलो’ हा शब्द पाठच करा. दोन सळया शेजारीशेजारी फिरत असतात, पांढुरकी सळई बहुधा चिकनची असते, तरी नुसत्या रंगावर जाऊ नका. सुरी आणि चिमटे एकच असू शकतात, हेही लक्षात असू द्या.

अमेरिकेत फलकावर ‘लॅम गायरो’ लिहिलेलं असलं तरी दंडगोलात बीफच जास्त असणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. विचारताना ‘यात लॅम आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ येईल आणि ते खरंही असेल. ‘यात बीफ आहे का’ असंच विचारायचं. किराणा दुकानात गायरोच्या पट्ट्यांचं पाकीट घेत असाल तर मागची यादी वाचा. अमेरिकेत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिलं नाव ज्याचं, मांस मुख्यतः त्याचं. गव्हाची किंवा सोयाची अॅलर्जी असेल तरीही ही यादी वाचाच, कारण मांसातच पावाचा चुरा असतो. फक्त पिटा टाळून काम भागत नाही.

बीफ टाळायचं असेल तर ‘चिकन गायरो’ हा सोपा मार्ग. बऱ्याच ठिकाणी ते तव्यावर किंवा ग्रिलवर भाजलेले चिकनचे तुकडे असतात, सळईचा त्यांच्याशी संबंध नसतो. तवा वेगळा आहे का हे ज्याला महत्त्वाचं वाटतं त्याने जरूर विचारावं, लोक नीट उत्तर देतात.

शाकाहारी मंडळींनी ग्रीसमध्ये निराश व्हायचं कारण नाही. ‘खोरीस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय. बटाट्याचे तळलेले काप, टोमॅटो, कांदा आणि दही, काकडी आणि लसणीची त्झात्झिकी घालून पिटा गुंडाळून देतात, आणि तो खरोखर पोटभरीचा होतो. काही दुकानांत मशरूम, फलाफल किंवा भाजलेलं हलुमी चीज मिळतं. ‘निस्तीसिमो’ असं लिहिलेलं दिसलं तर ते तिथल्या धार्मिक उपवासाचं खाणं: मांस, अंडं, दूध त्यात नसतं. मात्र कालवं, माकुल असे समुद्रातले काही प्राणी त्यांच्या उपवासाला चालतात. त्यामुळे तो शब्द वाचून डोळे मिटून मागवू नका. पिटा बहुतेक वेळा मांस भाजतात त्याच तव्यावर शेकतात, तेही ज्याचं त्याने ठरवावं.

तिसरी पायरी: ग्रीसमध्ये मागवणं

अथेन्सच्या मोनास्तिराकी चौकाला लागून मित्रोपोलेओस नावाची गल्ली आहे, तिथे ही दुकानं ओळीने आहेत. पर्यटकांची गर्दी असते, पण गर्दीमुळेच सळई सतत कापली जाते आणि मांस ताजं पडतं. पहिल्या खेपेला तिथे जायला हरकत नाही. नंतर मात्र आपण राहतो त्या वस्तीतलं दुकान शोधा.

मागवायचं वाक्य छोटं आहे: ‘मिया पिटा यीरो कोतोपुलो, आप ओला, पाराकालो.’ एक चिकन यीरो पिटा, सगळं घालून, कृपया. ‘आप ओला’ म्हटलं की टोमॅटो, कांदा, त्झात्झिकी आणि बटाट्याचे काप आत जातात. कांदा नको असेल तर ‘खोरीस क्रेमिदी’. दुकानात बसून खाण्यापेक्षा हातात घेऊन खाणं स्वस्त पडतं. अशी एक पिटा साधारण चार-पाच युरोंच्या घरात मिळते. ‘मेरीदा’ मागितली तर ताट येतं: मांस, पिटा, बटाटे, कोशिंबिरीचं साहित्य सगळं वेगवेगळं. ती दोघांत सहज पुरते.

दोन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. चिकनच्या पिटात बऱ्याच दुकानांत त्झात्झिकीऐवजी मोहरी-मेयोनेजच्या वळणाचा पिवळसर सॉस घालतात. त्झात्झिकीच हवी असेल तर नाव घेऊन मागा. दुसरं म्हणजे शब्दांचा घोळ: अथेन्समध्ये ‘सुवलाकी’ म्हटलं की पिटात गुंडाळलेलं काहीही असू शकतं, उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात त्याच शब्दाला काडीवर भाजलेले मांसाचे तुकडे येतात. ‘पिटा यीरो’ हे शब्द दोन्हीकडे चालतात, तेवढेच वापरा.

पिटा कागदात गुंडाळून देतात, तो कागद पूर्ण सोडू नका. वरून दोन बोटं फाडायचा, खायचं, पुन्हा थोडा फाडायचा. तळाशी सगळा रस साठतो आणि कागद तो धरून ठेवतो. लगेच खा. बटाटे आत आहेत, दहा-पंधरा मिनिटांत ते मऊ पडतात आणि पिटाही ओली होते. हॉटेलवर नेऊन खाण्यासाठी हा पदार्थ नाही.

चौथी पायरी: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया

शिकागोच्या पद्धतीत जाड, मऊ पिटावर पट्ट्यांचा ढीग, टोमॅटोच्या फोडी, कच्चा कांदा आणि बाजूला छोट्या प्लास्टिकच्या वाटीत काकडीचा सॉस येतो. बटाटे बहुधा शेजारी असतात, आत नसतात. इथे माझा सल्ला असा की सॉस आधी चाखून बघा. काही ठिकाणी तो खरोखरची त्झात्झिकी असतो, काही ठिकाणी गोडसर, पातळ, क्रीमसारखा. तसा असेल तर लिंबू मागा आणि कांदा जास्त मागा. खारट, चरबीयुक्त पट्ट्यांना आंबटपणा लागतोच. तो सॉसमध्ये नसेल तर बाहेरून आणावा लागतो.

आर्बीजसारख्या साखळीने बीफ-लॅमच्या पारंपरिक धाटणीच्या गायरोसोबत रोस्ट बीफ आणि टर्कीचेही गायरो विकले. म्हणजे पिटा, कोशिंबीर आणि त्झात्झिकी तेवढी ग्रीक, आत त्यांचं नेहमीचं मांस. टर्कीचा मिळाला तर बीफ न खाणाऱ्याला तो सोयीचा. पण पहिला गायरो खायचा असेल तर साखळी हॉटेल सोडून एखादं कुटुंबाने चालवलेलं, समोर सळई फिरणारं दुकान निवडा. पैसे तेवढेच जातात, पदार्थात मात्र खूप फरक पडतो.

न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांवर गायरो पिटापेक्षा भातावर जास्त खपतो. १९९० मध्ये मॅनहॅटनच्या ५३व्या रस्त्यावर इजिप्तहून आलेल्या तिघांनी हॉट डॉगची गाडी टाकली, ती पुढे टॅक्सीवाल्या मुसलमान गिऱ्हाइकांसाठी चिकन आणि गायरो भातावर देऊ लागली. तीच आजची ‘द हलाल गाइज’. पिवळा भात, वर मांस, वर पांढरा सॉस आणि जहाल लाल सॉस. पांढरा सॉस मेयोनेजच्या जातीचा असतो, त्झात्झिकी नव्हे. लाल सॉस आधी थेंबभर घ्या. तिखटाची सवय असलेल्यांनीसुद्धा. चार दिवस भाताशिवाय काढलेल्या मराठी माणसाला ही थाळी फार बरी वाटते.

कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहराने तर गायरोचं पार रूपांतर केलं. १९७० च्या दशकात तिथल्या ग्रीक स्थलांतरितांना लॅमचा यीरोस खपवता येईना, म्हणून बीफचा खिमा वापरला आणि त्झात्झिकीच्या जागी आटवलेलं दूध, साखर, व्हिनेगर आणि लसूण यांचा गोड सॉस आणला. त्याचं नाव डोनेर. २०१५ मध्ये शहराच्या परिषदेने ठराव करून त्याला हॅलिफॅक्सचा अधिकृत पदार्थ ठरवलं. मांसावर गोड दूध ही कल्पना आपल्याला पचायला जड जाते, पण व्हिनेगर आणि लसूण मिळून तो सॉस आंबटगोड होतो. तिथे असाल तर एकदा खाऊन बघाच. बीफ मात्र त्यात हमखास असतं.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडचे लोक ‘यिरोस’ म्हणतात, मेलबर्नचे ‘सुवलाकी’. मेलबर्नमध्ये ग्रीक वस्ती इतकी जुनी आणि मोठी आहे की तिथे रचलेल्या कापांची सळई मिळण्याची आशा अमेरिकेपेक्षा जास्त.

ताजेपणा

सळई फिरत असली पाहिजे, जाळ चालू असला पाहिजे आणि बाहेरचा थर सुसू आवाज करत असला पाहिजे. बंद पडलेल्या, कोमट सळईवरचं मांस घेऊ नका. कापलेले तुकडे खाली ताटात साठून पडलेले दिसले तर ‘सळईवरून ताजं काढून द्या’ म्हणा. दुपारच्या जेवणाच्या वेळी आणि रात्री गर्दीत जाणं उत्तम. दुपारी चारला बहुधा जुना थर वाट्याला येतो.

ही काळजी खरीच घ्यायला हवी. मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोरम्यातून विषबाधा होऊन एका शाळकरी मुलीचा जीव गेला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये केरळ सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. सळईचं मांस बाहेरून शिजतं, आतून कच्चं असतं, आणि पदार्थाची रचनाच तशी आहे. घाईने जाड काप काढले की कच्चा भागही सोबत येतो. चिकनचा तुकडा आतून गुलाबी, लुसलुशीत दिसला तर परत करा, लाजू नका.

पाचवी पायरी: घरी

घरी उभी सळई नसते, आणि ती नसल्याने फारसं बिघडत नाही. चौघांसाठीचं प्रमाण देतो.

चिकन: हाड काढलेलं मांडीचं ८०० ग्रॅम. छातीचं घेऊ नका, कोरडं होतं. त्याला ३ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, २ मोठे चमचे लिंबाचा रस, ४ पाकळ्या लसूण ठेचून, २ लहान चमचे वाळलेलं ओरेगानो, १ चमचा काश्मिरी मिरची पूड, अर्धा चमचा जिरेपूड, अर्धा चमचा मिरपूड आणि दीड चमचा मीठ लावून किमान चार तास फ्रिजमध्ये ठेवा. आलं, गरम मसाला, हळद घालायचा मोह होईल, आवरा. त्याचा टिक्का होईल. पिझ्झासोबत येणाऱ्या छोट्या पुड्या वापरू नका, त्यात मीठ-मिरची मिसळलेलं असतं. नुसतं ओरेगानो विकत घ्या.

ओटीजी असेल तर अर्धा मोठा कांदा चपट्या बाजूने ट्रेमध्ये ठेवा, त्यात दोन लाकडी काड्या उभ्या खोचा आणि चिकनचे तुकडे त्यांवर एकावर एक दाबून ओवा. काड्या वरच्या जाळीला लागणार नाहीत इतक्या तोडून घ्या. २०० अंश सेल्सिअसला साधारण एक तास लागतो. मध्यभागी ७४ अंश तापमान आलं की झालं. दहा मिनिटं थांबून वरून खाली पातळ तासा. मग, आणि हीच खरी किल्ली आहे, हे तुकडे कडकडीत तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन मिनिटं पसरून ठेवा, हलवू नका. दुकानातली कुरकुरीत कड इथे तयार होते. ओटीजी नसेल तर अख्ख्या मांड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शिजवा, पातळ कापा, पुन्हा तव्यावर टाका.

शिकागोची पट्टी हवी असेल तर ५०० ग्रॅम मटणाचा बारीक खिमा घ्या. एक कांदा किसून, कापडात घट्ट पिळून फक्त चोथा वापरा. पाणी राहिलं तर खिमा फुटतो. लसूण, ओरेगानो, मिरपूड, एक चमचा मीठ, दोन चमचे पावाचा चुरा घालून मिक्सरमध्ये चिकट लगदा होईपर्यंत फिरवा. पावाच्या साच्यात दाबून भरा, १६५ अंशाला पाऊण ते एक तास भाजा, आतलं तापमान ७४ आलं का बघा. बाहेर काढल्यावर वर कागद ठेवून त्यावर वजन ठेवा, निदान अर्धा तास. दाबल्याशिवाय पातळ काप पडत नाहीत. गार झाल्यावर कापा आणि तव्यावर कडा भाजा.

त्झात्झिकीसाठी आपल्याकडे आयतं साधन आहे: चक्का. अर्धा किलो गोडसर दही कापडात चार-पाच तास टांगा. एक काकडी किसून, मीठ लावून पंधरा मिनिटांनी शक्य तितकी घट्ट पिळा. चक्क्यात काकडी, किसलेली लसणीची एक पाकळी, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल, एक लहान चमचा व्हिनेगर आणि चिमूटभर बारीक चिरलेला शेपू. साखर, दाण्याचं कूट, फोडणी काहीही नको. तासभर फ्रिजमध्ये राहिली की लसूण उतरते. आंबट दही घेतलंत तर व्हिनेगर वगळा.

पिटा: ३०० ग्रॅम मैदा, १९० मिली कोमट पाणी, प्रत्येकी एक लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, साखर आणि मीठ, दोन चमचे तेल. मळून तासभर झाका, सहा गोळे करा, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा किंचित जाड लाटा. काट्याने सगळीकडे टोचे मारा. फुलका फुगावा म्हणून आपण धडपडतो, ही पिटा अजिबात फुगायला नको, कारण ती आतून भरायची नसून बाहेरून गुंडाळायची आहे. तापल्या तव्यावर झाकण ठेवून दोन्हीकडून दोन-दोन मिनिटं शेका, तेलाचा हात फिरवा आणि लगेच फडक्यात गुंडाळा. उघडी राहिली की गुंडाळताना चिरते. बाजारातली आत पोकळी असलेली पातळ पिटा घेतलीत तर ती न फाडता तशीच गुंडाळा.

रचताना क्रम पाळा: आधी त्झात्झिकी, मग मांस, मग टोमॅटो, कांद्याच्या उभ्या पातळ फोडी, शेवटी बटाट्याचे काप. कांद्याला चिमूटभर मीठ आणि कोथिंबिरीऐवजी पार्सली मिळाली तर ती लावा. बटाटे अगदी शेवटी तळा, आणि लोक पानावर बसल्यावरच गुंडाळायला घ्या. बटर पेपरचा चौकोन खाली ठेवून पिटा तिरकी गुंडाळली आणि कागदाचं टोक खाली पीळ देऊन बंद केलं की रस गळत नाही.

उरलेलं मांस डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस चांगलं राहतं. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, तव्यावरच टाका, थेंबभर तेलात. त्झात्झिकीला दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. ते ओतून द्या आणि ढवळून घ्या. पिटाचे गोळे मात्र कच्चेच फ्रिजमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे लाटावेत, शेकलेली पिटा दुसऱ्या दिवशी वातड होते.